पॅसेजमधला दिवा

इंडियानापोलिस, मार्च

ती. आई-बाबांस शि. सा. नमस्कार.

काल रात्री दोन वाजता इथली घड्याळं तासभर पुढे गेली; संध्याकाळचा उजेड जास्त वापरून वीज वाचावी म्हणून इथे दर मार्चमध्ये असं करतात. आता आपल्यात साडेदहा नाही, साडेनऊ तासांचा फरक. बाबा, रविवारी सकाळी आठला तुम्ही फोन करता तेव्हा इथे शनिवारचे साडेदहा वाजतील आणि तोवर छोटी झोपून जाईल. म्हणून नोव्हेंबरपर्यंत सातलाच करा.

"एवढ्या खटाटोपाने वीज वाचते का गं?" असं तुम्ही मागे विचारलं होतंत. नेमकं उत्तर आमच्याच राज्यात सापडलं. 2006 पर्यंत इंडियानाच्या बऱ्याच भागात घड्याळं बदलतच नसत. त्या वर्षी नियम सगळ्या राज्याला लागू झाला, तेव्हा मॅथ्यू कॉचन आणि लॉरा ग्रँट या अर्थतज्ज्ञांनी दक्षिणेकडच्या घरांची आधीची आणि नंतरची बिलं ताडून पाहिली. विजेचा वापर उलट साधारण 1 टक्क्याने वाढला होता! दिव्यांची वीज वाचली, पण लोक घरी येतात तेव्हा ऊन अजून तापलेलं, म्हणून एसी जास्त चालला. गार सकाळी हीटर. या दिवसांत इथे सूर्य उगवायला आठ वाजतात. सातला डबा भरताना मला दिवाही लागतो आणि हीटरही.

बाबा, खोलीतून निघताना बटण बंद करायची तुमची सवय माझ्याही हातात आहे. पण तुमच्या पॅसेजमधला दिवा आता 9 वॅटचा एलईडी आहे. रात्रभर आठ तास जळला तरी एक युनिट व्हायला चौदा रात्री लागतात. तो बंद होता म्हणून अंधारात आई उंबऱ्याला ठेचकाळली. व्हिडिओवर तिचा काळानिळा अंगठा पाहिला आणि मला रात्री झोप लागली नाही. तो दिवा बंद करू नका, हात जोडून सांगते.

वीज खातो तो हॉलमधला जुना पंखा. तो 75 वॅटचा, तर कमी वीज खाणाऱ्या मोटरचा नवा बीएलडीसी पंखा तीसच्या आसपास. दिवसाला पंधरा तास फिरतो, म्हणजे महिन्याला वीस युनिटं तिथेच वाचतील. मी मागवते; जिन्याखालच्या इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या, तुम्ही स्टुलावर चढू नका.

आई, वाळ्याचे पडदे यंदा लवकर काढ. दुपारी उकाडा सोसत बसू नकोस, पंखा लाव.

रविवारी सातला वाट पाहते.

तुमची लेक