मासे कोणत्या खात्यात येतात? मंत्रिमहोदयांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्रिमहोदय,

विषय : मॉलमधला फिश स्पा (खाते आपणच ठरवावे)

महोदय,

सप्रेम नमस्कार. आपण कुशल असालच. मी नाही.

काल मोबाइलवर मेसेज आला : ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.’ जनता दरबारात आपण माझा अर्ज शेजारच्या साहेबांच्या हाती देत ‘पंधरा दिवसांत करून टाका’ म्हणाला होतात. फोटोही निघाला. पंधरा दिवसांचे चार महिने झाले आणि उत्तर काय, तर ‘विषय या विभागाशी संबंधित नाही’.

नातीच्या वाढदिवसाला मॉलमध्ये गेलो होतो. छोटे मासे सोडलेल्या काचेच्या टाकीत पाय सोडून लोक खिदळत होते. पंधरा मिनिटांचे दीडशे रुपये. ‘आजोबा, बसा ना!’ बसलो. आधी नुसत्या गुदगुल्या, मग टाचेच्या भेगेत कुणीतरी चिमटे काढतंय असं वाटलं. पाहतो तर पाण्यात बारीक लाल धागा. तिथला पोरगा म्हणाला, ‘काका, डेड स्किन निघतेय.’ मला चौदा वर्षं मधुमेह आहे. त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. तेवढी चूक माझी. चौथ्या दिवशी पाऊल पावासारखं फुगलं आणि हुडहुडी भरून ताप. नऊ दिवस दवाखाना, दीड महिना दिवसाआड ड्रेसिंग, बिल ६८ हजार. पेन्शन किती, ते सांगत नाही. आपल्याला हसू येईल.

पाय उशीवर ठेवून वाचत पडलो. मूळचा मासा गारा रुफा, तुर्कस्तानात कांगलच्या गरम झऱ्यांतला. तिथे पाणी पस्तीस अंशांच्या घरात, खायला फारसं काही नाही, म्हणून तो माणसाची सालपटं कुरतडतो. म्हणजे धंद्यासाठी त्याला उपाशीच ठेवायचं. (त्या माशांचीही दया येते हो.) त्याच्या तोंडात दात नसतात. पण त्याच्या नावावर तिलापियाची पिल्लंही खपवतात, आपल्या उजनीतल्या चिलापीची भावंडं. त्यांना दात येतात. माझ्या टाचेला कोण भेटलं, देव जाणे. २०११ साली इंडोनेशियाहून ब्रिटनला आलेल्या सहा हजार माशांत रोग पसरला, स्ट्रेप्टोकॉकस नावाचा जिवाणू सापडला. तिथल्या आरोग्य यंत्रणेने धोका फार कमी आहे म्हटलं, पण मधुमेहींनी लांब राहावं हेही सांगितलं. अमेरिकेत दहाहून जास्त राज्यांत बंदी आहे. कारण साधं आहे : गिऱ्हाईक बदललं तरी मासे तेच, आणि मासे काही उकळून घेता येत नाहीत.

आता हिशेब. तासाला चार पाळ्या, चौघे बाकावर, दहा तास : दिवसाला ३२० पाय, एका पाण्यात. आकडा थोडा इकडेतिकडे असेल. आपण मोजा, आपल्याकडे माणसं आहेत.

आरोग्य विभाग म्हणाला, परवाना विभागात जा. तिथे सांगितलं, मासे म्हणजे मत्स्य खातं. मत्स्य खातं म्हणालं, हे मासे खायचे नाहीत. परत आलो तर आरोग्यवाले म्हणे, ‘आमच्याकडे फक्त गप्पी मासे.’ ते डासांच्या अळ्या खातात, माणसं खात नाहीत, एवढाच काय तो फरक!

आणि याच विभागाने गेल्या पावसाळ्यात माझ्या तुळशीच्या कुंडीखालच्या बशीत वाटीभर पाणी साचलं म्हणून मला नोटीस दिली होती. घरापर्यंत आले, बॅटरी मारून अळ्या शोधल्या. वाटीभर पाणी दिसतं आणि मॉलमधली टाकी दिसत नाही? की बशीला भाडं भरावं लागत नाही, म्हणून ती सापडते? रस्त्यात खड्डा पडला तर खातं कुणाचं, नळाला गढूळ पाणी आलं तर खातं कुणाचं, हेच विचारत आमची पिढी म्हातारी झाली. घरपट्टीचं बिल मात्र कधी चुकीच्या खात्यातून आलं नाही.

नुकसानभरपाई मागत नाही. निदान ‘मधुमेह असल्यास पाय घालू नये’ एवढी पाटी तिथे मराठीत लावायला सांगा, आणि मी कोणत्या मजल्यावरच्या कोणत्या खिडकीशी जायचं ते कळवा. खिडकी तळमजल्यावर असली तर बरं. लिफ्ट बंद आहे, आणि टाच अजून टेकत नाही.

आपला,
एक मधुमेही करदाता