‘अ’ जीवनसत्त्वाची मात्रा सांगायची राहिली

संपादक महोदय,

डोळ्यांच्या आरोग्यावरील आपल्या पुरवणीतील लेख वाचला. ‘अ’ जीवनसत्त्वाचे महत्त्व त्यात नीट मांडले आहे. मात्र शेवटी लागलेला ‘जितके जास्त तितके उत्तम’ हा सूर मला धोक्याचा वाटतो, म्हणून हे पत्र.

उजेडातून अंधाऱ्या सभागृहात शिरल्यावर आधी खुर्च्याही दिसत नाहीत आणि मग हळूहळू दिसू लागतात, तेव्हा दृष्टिपटलातील दंडपेशींमध्ये या जीवनसत्त्वापासून बनलेले रेटिनल ऑप्सिन नावाच्या प्रथिनाशी पुन्हा जोडले जात असते. हे कोडे उलगडणाऱ्या जॉर्ज वॉल्ड यांना १९६७ मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. शरीरातील साठा आटला की ही जोडणी रखडते आणि रातांधळेपणा येतो. श्वासनलिका व आतड्यांचे अस्तरही याच जीवनसत्त्वावर टिकून असते, त्यामुळेच गोवर झालेल्या मुलांना ते लागोपाठ दोन दिवस मोठ्या मात्रेत देण्याची जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. चष्म्याचा नंबर मात्र याने उतरत नाही.

आता मात्रेविषयी. ‘क’ जीवनसत्त्व जास्त झाले तर बरेचसे लघवीवाटे निघून जाते. ‘अ’ मेदात विरघळणारे असल्याने यकृतात साठत राहते. प्रौढ पुरुषाला दिवसाला सुमारे ९०० आणि स्त्रीला ७०० मायक्रोग्रॅम पुरतात, तर तयार रेटिनॉलची, म्हणजे गोळ्यांतून थेट मिळणाऱ्या ‘अ’ जीवनसत्त्वाची, वरची मर्यादा ३,००० मायक्रोग्रॅम मानली जाते. माझ्या थोरल्या बहिणीच्या उशाशी तीन बाटल्या होत्या: एक डोळ्यांसाठी, एक ‘ताकदीसाठी’ आणि केस गळू लागले म्हणून तिसरी. पहिलीवर ५,००० आययू (आंतरराष्ट्रीय एकके), दुसरीवर १,२०० मायक्रोग्रॅम, तिसरीवर पुन्हा २,५०० आययू. रेटिनॉलचे एक आययू म्हणजे ०.३ मायक्रोग्रॅम, हे ठाऊक असेल तरच बेरीज जमते, आणि ती ३,४५० भरली! केस गळणे हे अतिरेकाचेही लक्षण असू शकते, हे तिला डॉक्टरांनी सांगितले तेव्हा ती तिसरी बाटली संपत आली होती.

गाजरातील बीटा-कॅरोटीनची गोष्ट वेगळी आहे, कारण शरीर त्याचे रेटिनॉल गरजेच्या बेतानेच बनवते. फार खाल्ले तर तळहात पिवळट दिसतात, इतकेच. पण त्याच बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या धूम्रपान करणाऱ्यांना दिल्यावर फुफ्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण घटण्याऐवजी वाढल्याचे फिनलंडमधील चाचणीत १९९४ मध्ये दिसून आले. गरोदरपणात रेटिनॉलचा अतिरेक झाल्यास गर्भात व्यंग निर्माण होऊ शकते, आणि लेखात त्याचा साधा उल्लेखही नाही.

निदान गरोदर स्त्रिया व धूम्रपान करणाऱ्यांसाठीची सूचना आणि आययूचे मायक्रोग्रॅममध्ये रूपांतर, एवढे तरी पुढील पुरवणीत ठळकपणे छापावे, ही विनंती.

आपली,
एक नियमित वाचक