ट्रेलरच्या तळासाठी लाकूड कोणतं घ्यावं

ती. दादा,
सा. न.

ट्रेलरचा तळ कुजलाय आणि नवीन लाकूड कोणतं, असं तू विचारलंस. आधी एवढं ध्यानात घे की बुरशीला ओल लागते. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या आत राहिली तर ते सहसा कुजत नाही. म्हणून फळीची जात पाहायची तेवढंच पाणी कुठे साचतं तेही पाहायचं.

ट्रेलरवर हलकं सामान, मोटारसायकल, माती-वाळू जाणार असेल तर तांब्याच्या औषधाने प्रेशर ट्रीट केलेलं, म्हणजे दाबाखाली औषध मुरवलेलं, पाइन घे. जमिनीला टेकून वापरता येईल अशा दर्जाचंच माग. साखळीपट्ट्याची यंत्रं चढणार असतील तर पाइन दबतं. तिथे व्हाइट ओक किंवा केरुइंग (आग्नेय आशियातलं कठीण लाकूड) हवं. केरुइंगमध्ये नैसर्गिक राळ असते, म्हणून मोठ्या ट्रेलरांच्या तळाला ते वापरतात. ओक घेताना फसू नकोस. रेड ओकच्या लाकडातल्या बारीक नळ्या मोकळ्या असतात, पाणी आत शिरतं. व्हाइट ओकच्या गाभ्यात त्या बुजलेल्या असतात. सागाचा गाभा टिकतो, पण ओकपेक्षा मऊ. आणि ट्रीट केलेलं पाइन सोडलं तर जात कोणतीही असो, कडेचा पांढरट भाग टिकाऊ नसतो, तो असलेली फळी परत कर. प्लायवूडच्या मात्र वाटेला जाऊ नकोस, कडांतून पाणी पिऊन त्याचे थर सुटतात.

तळ दीड मीटर रुंद आणि तीन मीटर लांब धरला, तर १४० मिमी रुंद आणि ३८ मिमी जाड अशा ११ फळ्या लागतील. नऊ पूर्ण ठेव, कडेच्या दोन चिरून ९५ मिमीच्या कर. मधे ५ मिमीच्या दहा फटी राहतात आणि हिशेब बरोबर १५०० मिमीला बसतो. एकच शेवटची फळी चिरलीस तर ५० मिमीची चिंचोळी पट्टी उरेल, ती स्क्रूपाशी फाटते. ही फट सुक्या लाकडासाठी आहे. ट्रीट केलेलं पाइन ओलं मिळालं तर फळ्या एकमेकींना भिडवून बसव आणि रुंदीचा हिशेब फटींशिवाय कर. सुकताना त्या आकसून फट आपोआप पडते. ओक पाइनपेक्षा या मापात साधारण ३५ किलो जड पडेल, तेवढा भार कमी न्यायचा.

जुन्या फळ्या काढल्यावर आडव्या चॅनेलवरचा (फळ्या ज्यावर टेकतात त्या सांगाड्याच्या लोखंडी पट्ट्यांवरचा) गंज घासून प्रायमर लाव आणि वरच्या बाजूला ब्यूटिल टेप, म्हणजे पाणी अडवणारी रबरी चिकटपट्टी, चिकटव. लोखंड आणि लाकूड यांच्यामध्ये अडकलेली ओलच सगळ्यात आधी कुजवते. ड्रिल करण्याआधी खाली वाकून दिव्यांच्या वायरी आणि ब्रेकची नळी कुठून जाते ते बघ.

स्क्रू हॉट-डिप गॅल्व्हनाइझ्ड (वितळलेल्या जस्तात बुडवलेले) किंवा स्टेनलेसच हवेत. तांब्याचं औषध साध्या लोखंडाला खातं आणि ओकमधल्या टॅनिन या तुरट द्रव्याने लोखंडाभोवती काळे डाग पडतात. ट्रेलरचा सांगाडा ॲल्युमिनियमचा असेल तर ट्रीट केलेली फळी त्याला थेट टेकू देऊ नकोस. आठ चॅनेल असतील तर प्रत्येक फळीला प्रत्येक चॅनेलवर दोन, म्हणजे १७६ स्क्रू. २०० आण, काही तुटतातच. आधी भोक पाड, फळीच्या कडेपासून २५ मिमी आत. डोकं फळीच्या पातळीत बसव, खोल रुतवलंस तर त्या खळग्यात पाणी साचेल.

टोकावरच्या वर्तुळांवरून सालीकडची बाजू ओळख आणि ती वर ठेव. गाभ्याची बाजू वर आली की वर्षवलयांचे पापुद्रे सुटतात. कापलेल्या टोकांना कॉपर नॅफ्थेनेट या तांब्याच्या लाकूडरक्षक औषधाचे दोन हात दे, कारण टोकातून पाणी सगळ्यात जास्त शिरतं.

वरून व्हार्निश नको, चिरलं की त्याखाली पाणी अडकतं. मुरणारं तेल लाव, पण पाण्याचा थेंब फळीत मुरतोय असं दिसल्यावरच. जळकं इंजिन ऑइल तर मुळीच नको, ते निसरडं होतं आणि जमिनीत उतरतं. जवसाचं तेल लावलंस तर त्याची फडकी गोळा करून ठेवू नकोस, आपोआप पेट घेतात. बाहेर मोकळ्या हवेत सुटी पसरून वाळव. ट्रीट केलेल्या फळीचे तुकडेही चुलीत घालू नका, धूर विषारी असतो. कापताना मास्क लाव.

चॅनेलमधलं अंतर मोजून कळव. ६०० मिमीपेक्षा जास्त निघालं तर ३८ मिमीची फळी पुरायची नाही, जाड घ्यावी लागेल.

वहिनीला नमस्कार.

तुझा धाकटा भाऊ