कुलाक बे यांना खुलं पत्र

दादा, नमस्कार.

तुमचं नाव मला माहीत नाही, इथूनच सुरुवात करतो. फेब्रुवारी २०२३ मधे तुर्कीत भूकंप झाल्यावर इस्केंदेरूनला शाळेच्या बिल्डिंगमधे आपल्या आर्मीचं जे फील्ड हॉस्पिटल होतं ना, तिथे तुम्ही ड्रेसिंगच्या टेबलावर असायचात, आणि सहा दिवस मी तुमच्या बाजूला उभा राहून तुर्कीचं मराठी आणि मराठीचं तुर्की करत होतो, आणि एवढं करून मी तुमचं नाव विचारलं नाही. छातीवर नावाची पट्टी असणारच, पण त्यावर कायम ते जाड जॅकेट. मी दादा म्हणायचो, तुम्ही भाऊ म्हणायचात, दोन मराठी माणसांचं तेवढ्यावर भागतं. आता पस्तावतोय.

हे पत्र खरं तर २३ जानेवारी २०२४ पासून अर्धवट पडलंय. त्या दिवशी बातमी वाचली की त्या वर्षीचा सुभाषचंद्र बोस आपदा प्रबंधन पुरस्कार तुमच्या ६० पॅराशूट फील्ड हॉस्पिटलला मिळाला. खूप भारी वाटलं, ऑफिसमधे चार जणांना धरून धरून सांगितलं, त्यातल्या एकाने विचारलं तू काय आर्मीत होतास का. मग सरकारी पत्रक शोधून वाचलं. त्यात लिहिलं होतं ९९ जणांचं पथक, ३० बेडचं हॉस्पिटल, १२ दिवसांत ३६०० पेशंट. सगळं बरोबर आहे. पण मी वेड्यासारखा खालीवर करून त्यात तुम्हाला शोधत होतो. संस्थेला पुरस्कार म्हणजे सर्टिफिकेट आणि ५१ लाख रुपये, आणि तेही फक्त आपत्ती व्यवस्थापनाच्याच कामासाठी खर्च करायचे असा नियम आहे, ते योग्यच आहे, नवीन सामान येईल. पण नव्याण्णव म्हणजे कोण कोण हे कुठे आलंच नाही.

म्हणून म्हटलं निदान मला दिसलं तेवढं तरी लिहून ठेवावं.

६ फेब्रुवारीला पहाटे ४:१७ ला पहिला धक्का बसला, ७.८ चा, तेव्हा मी नाइट शिफ्टला होतो म्हणून वाचलो, हे मी आधीही शंभर लोकांना सांगितलंय. दुपारी परत ७.५ चा. आमची बिल्डिंग पडली नाही पण अशी तिरकी झाली की आत पाऊल टाकायची कोणाची हिंमत नव्हती. घरमालकीणबाईंना मी तेय्झे म्हणायचो, तेय्झे म्हणजे तुर्कीत मावशीच, आईची बहीण. त्यांच्या पायावर काचेचं कपाट पडलेलं. शेजाऱ्यांनी बाहेर काढलं, कोणीतरी ओढणी फाडून बांधली, आणि मग चार दिवस काहीच नाही, कारण जायचं कुठे, शहरातलं सरकारी हॉस्पिटलच अर्धं कोसळलेलं होतं. बंदरात कंटेनर जळत होते, त्याचा काळा धूर दिवसेंदिवस तसाच, समुद्राचं पाणी किनाऱ्यावरच्या रस्त्यात शिरलेलं. आम्ही मालकीणबाईंच्या भाच्याच्या गाडीत झोपायचो, चौघं जण, इंजिन चालू ठेवायला पेट्रोल नाही. थंडीचं काय सांगू, तुम्ही बघितलीच.

शुक्रवारी, म्हणजे १० तारखेला, कोणीतरी म्हणालं हिंदिस्तानचं हॉस्पिटल आलंय. ते लोक आपल्या देशाला हिंदिस्तान म्हणतात. मला आधी खरंच वाटलं नाही. मावशींना पाठीवर घेऊन आलो तर गेटवर तिरंगा दिसला, आणि मी आयुष्यात १५ ऑगस्टला सुद्धा झेंडा बघून रडलेलो नाही पण तिथे डोळ्यासमोरचं दिसेनासं झालं.

तेवढ्यात तुम्ही. मावशींना टेबलावर घेतलंत, त्या पायाकडे हात करून एकसारखं ओरडत होत्या "कान वार! कान वार!" आणि तुम्ही एकदम गंभीर चेहरा करून त्यांचा स्कार्फ बाजूला केलात आणि कानात टॉर्च मारलात! मावशी गप्प. मी गप्प. आणि तुम्ही स्वतःशीच पुटपुटलात, "आयला, कान तर चांगला दिसतोय, कुठं वर म्हणतीय ही?"

दादा, त्या भाषेत कान म्हणजे रक्त. कान वार म्हणजे रक्त येतंय. हे मी तुम्हाला सांगायच्या आधीच मला हसू फुटलं, पाच दिवसांत पहिल्यांदा, आणि हसता हसता त्याचं रडणं कधी झालं कळलं नाही. तुम्ही वर बघून म्हणालात, "मराठी काय तुम्ही?" आणि पुढचं वाक्य माझ्या अजून डोक्यात आहे, "आधी तिकडं जनरेटरपाशी फोन चार्जिंगला लावा, आईला फोन करा, मग इथं या, काम आहे."

आईला फोन लागला तेव्हा ती हॅलो पण बोलू शकली नाही. ते राहू दे.

आता जे मला खास सांगायचंय ते. परत आलो तर तुम्ही मावशींचा पाय मांडीवर घेऊन ते बांधलेलं फडकं सोडवत होतात. फडकं जखमेला चिकटून कडक झालेलं. आमच्यातल्या कोणी असता तर एका झटक्यात ओढून मोकळा झाला असता. तुम्ही जॅकेटची चेन उघडलीत आणि आतून, काखेतून, सलाइनची बाटली काढलीत. मला वाटलं जागा नाही म्हणून तिथे ठेवली असेल. तर तुम्ही म्हणालात गार पाणी जखमेवर पडलं की म्हातारं माणूस शहारतं, अंगावरच गरम करून घेतो मी. दुसऱ्या काखेत दुसरी बाटली. एक संपली की रिकामी बाजूला, भरलेली आत. दिवसभर हेच. तापमान शून्याच्या आसपास आणि हा माणूस दोन्ही काखेत बर्फासारख्या बाटल्या घेऊन फिरतोय की कोणाला तरी गार लागू नये. ते फडकं तुम्ही थेंब थेंब पाणी सोडून भिजवून काढलंत, वीस मिनिटं तरी गेली असतील, बाहेर लाइन लागलेली. मग एक्सरे, हाडाला बारीक चीर निघाली, धनुर्वाताचं इंजेक्शन, प्लास्टर, आणि जखमेसाठी प्लास्टरला खिडकी. मावशींनी पूर्ण वेळ तुमची बाही धरलेली. सोडतच नव्हत्या.

नंतर मी रोजच यायला लागलो कारण तुर्की येणारा माणूस हवाच होता. तुम्ही चार शब्द पाठ केलेत, "आजीयोर मू", दुखतंय का, आणि "गेच्मिश ओल्सुन", जे तिथे आजारी माणसाला म्हणतात, मागे पडू दे हे दुखणं असा साधारण अर्थ. तुमच्या उच्चारात ते गेचमिस वोलसून व्हायचं आणि पोरं हसायची, आणि पोरं हसली की इंजेक्शन होऊन जायचं. पेशंटला ते लोक हास्ता म्हणतात, त्यावर तुमचा एकच जोक, "हसता कुठं, सगळे रडतायत", तो तुम्ही किमान दहा वेळा केलात. दहाव्यांदा नाही हसलो त्याबद्दल सॉरी.

आणि हो, मावशींनी तुमचं नाव ठेवलं. तुर्कीत कानाला कुलाक म्हणतात, बे म्हणजे साहेब किंवा राव. कुलाक बे. कानराव. ड्रेसिंगला यायच्या दिवशी सकाळपासून चालू, आज कुलाक बे आहेत ना, मी दुसऱ्या कोणाकडून करून घेणार नाही. मी हे तुम्हाला तेव्हा सांगितलं नव्हतं, म्हटलं रागावाल.

तुम्ही लोक गेलात तेव्हा गेटबाहेर माणसं टाळ्या वाजवत उभी होती, मी ट्रकच्या मागे धावलो पण तुम्ही कुठल्या ट्रकमधे होतात ते दिसलंच नाही. २० तारखेच्या संध्याकाळी हतायला, म्हणजे इस्केंदेरून ज्यात येतं त्या प्रांताला, परत ६.४ चा धक्का बसला, तेव्हा मावशींनी पहिला प्रश्न हा विचारला की कुलाक बेंचं विमान उडालं का.

घरी आल्यावर मी ऑपरेशन दोस्तबद्दल, म्हणजे भूकंपानंतरच्या भारताच्या त्या मदत मोहिमेबद्दल, सापडेल ते वाचलं. गंमत बघा, एनडीआरएफची (आपत्तीत धावून जाणारं आपलं सरकारी दल) ज्युली आणि रोमिओ ही कुत्री, ज्यांनी नूरदागीला ढिगाऱ्याखाली सहा वर्षांची मुलगी जिवंत आहे हे हुंगून दाखवलं, त्यांची नावं सगळ्या देशाला पाठ. (त्या दोघांवर माझा काडीचा राग नाही, त्यांना जेवढं कौतुक मिळालं त्याच्या दुप्पट मिळायला हवं.) मेक्सिकोहून आलेला प्रोतेओ नावाचा कुत्रा तिथे काम करताना गेला तर तुर्कीने त्या देशाला एक पिल्लू भेट पाठवलं. म्हणजे बघा, मुक्या जनावराचं ऋण सुद्धा नाव घेऊन फेडता येतं. मग माणसाचं का नाही?

तुमच्या युनिटचा इतिहासही तेव्हाच कळला. १९५० ला कोरियाच्या युद्धात भारताने लढायला सैन्य पाठवलं नाही, हेच युनिट पाठवलं, जखमींसाठी, आणि ही माणसं तीन वर्षांहून जास्त तिथे राहिली. त्यांचे कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांना महावीर चक्र मिळालं. म्हणजे दुसऱ्यांच्या देशात जाऊन मलमपट्टी करण्याला आपल्याकडे सन्मान नाही असं अजिबात नाही. पण भूकंपाला गोळी चालत नाही ना दादा, आणि काखेत गरम केलेल्या सलाइनला शौर्यपदक कुठल्या कॉलममधे बसवणार? ऑस्ट्रेलियाने १९९९ मधे परदेशात असं मदतीचं काम करणाऱ्यांसाठी वेगळं पदकच काढलं, त्याच्या रिबिनीवर जिथे काम केलं त्या जागेची पट्टी लागते. ब्रिटनने २०२३ च्या जुलैत तसंच एक जाहीर केलं, वर्दीवाले आणि साधे नागरिक दोघांनाही. मला ती पट्टीची आयडिया फार आवडली. छातीवर नुसतं "तुर्की" एवढं असलं तरी लग्नाकार्यात कोणीतरी विचारेल, अरे हे काय, तिकडे कधी गेला होतास, आणि तुम्ही ती कानाची गोष्ट सांगाल.

तुम्ही काय म्हणणार ते मला माहितीय. ड्युटी होती भाऊ. असेलही, तिथे जायची ऑर्डर असणार, हॉस्पिटल लावायची पण असणार, पण बाटल्या काखेत ठेवायची ऑर्डर तुम्हाला कोणी दिली होती? एनडीआरएफच्या टीममधे एक ताई होत्या, घरी दीड वर्षाची जुळी ठेवून आलेल्या, पेपरात वाचलं मी. त्यांचीही ड्युटीच होती. युनिटला पुरस्कार मिळाला की सगळ्यांना मिळाला हे मला पटतं, पण थोडंच पटतं. निदान त्या सर्टिफिकेटची एक एक कॉपी, वर ज्याचं त्याचं नाव टाकून, नव्याण्णव घरांत पोचवायला काय हरकत आहे. तुमच्या पोरांना भिंतीवर लावायला तरी होईल. पोचवली असेल तर फारच छान, मग मी उगीच बडबडलो.

मार्च २०२५ ला म्यानमारचा भूकंप झाला आणि आपल्या आर्मीचं ११८ जणांचं वैद्यकीय पथक मंडालेला गेलं, तेव्हा मी सगळे फोटो झूम करकरून बघितले. एका फोटोत पाठमोरा एक जण वाकून कोणाचा तरी पाय बघतोय, तसंच जाड खांद्याचं शरीर. पण तिथे उकाडा, जॅकेट नाही, त्यामुळे ओळख पटेना. मी तरी तो तुम्हीच असं धरून चाललोय.

मावशी बऱ्या आहेत. थोडं लंगडतात, नवीन घर तळमजल्यावरच घेतलंय, वर राहायला तयारच नाहीत. व्हिडिओ कॉलवर पाय कॅमेऱ्यासमोर धरून दाखवतात, पांढरी रेघ राहिलीय फक्त. तुम्ही बांधलेलं क्रेप बँडेज त्यांनी धुऊन गुंडाळून ठेवलंय, टाकू देत नाहीत. त्या मला शिव्या घालतात की एवढे दिवस बाजूला उभा होतास आणि नाव विचारलं नाहीस.

त्यांनी तुमच्यासाठी एक चिठ्ठी पाठवलीय, त्यांच्या भाच्याबरोबर, दोन पानं, तुर्कीत. मी उघडलेली नाही. पाकिटावर त्यांना जेवढं माहीत होतं तेवढंच लिहिलंय, "कुलाक बे, हिंदिस्तान". पोस्टात टाकली तर काही पोचायची नाही. माझ्या कपाटात पासपोर्टच्या खाली ठेवलीय. हे वाचलंत, किंवा तुमच्या युनिटमधल्या कोणी वाचलं आणि त्याला आठवलं की टेबलावर काखेत बाटल्या घेऊन बसायचा तो कोण, तर कृपा करून कळवा. मी घेऊन येतो, आणि वाचून पण दाखवतो, माझं तुर्की अजून ठीक आहे.

तुमचा,
जनरेटरपाशी फोन चार्ज करणारा भाऊ