मुक्ताच्या फॉर्मवर खरं तेच लिही

मंगळवार पेठ, कोल्हापूर
आषाढ, गुरुवार

चि. सौ. गौरी हीस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू रडत होतीस तेव्हा मी फार बोलले नाही. मुक्ताच्या दाव्यावर विमा कंपनीनं पाठवलेल्या पत्रातली ओळ मला परत परत ऐकू येत होती. ‘जन्मजात व आनुवंशिक आजार पॉलिसीत वगळलेले असल्याने दावा नामंजूर.’ गौरी, ही ओळ मला पाठ आहे. विमा कंपनीच्या क्लेम्स खात्यात एकतीस वर्षं काढली मी. ही ओळ मी स्वतः किती पत्रांवर टाईप केली असेल, मोजलेलं नाही.

एक पत्र मात्र विसरले नाही. कागलकडचे एक गृहस्थ होते, त्यांच्या मुलाला थॅलेसेमिया, रक्ताचा आनुवंशिक आजार. पिशवीत सगळी बिलं तारखेप्रमाणे लावून आणली होती. मी क्लॉज दाखवला. ते म्हणाले, “बाई, पोरगं जन्माला यायच्या आधीच आजारी होतं, तर त्यानं आम्हाला फसवलं कधी?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी सही केली, कारण तेव्हा नियमच तसा होता. आज तीच ओळ माझ्या नातीच्या, मुक्ताच्या नावावर आली आहे, आणि आता नियम तसा नाही. म्हणून हे पत्र सविस्तर लिहिते आहे. अमितरावांनाही वाचायला दे.

आधी त्या नामंजुरीचं. फेब्रुवारी 2018 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं सांगितलं की ‘आनुवंशिक आजार’ असा मोघम शब्द घालून सगळे दावे नाकारणं हा भेदभाव आहे. पुढच्याच महिन्यात विमा नियामकानं कंपन्यांना त्या कारणावरून दावे नाकारू नका म्हणून कळवलं. मग सप्टेंबर 2019 मध्ये, पॉलिसीत काय वगळता येणार नाही त्याची यादीच आली. त्या यादीत आतले जन्मजात आजार आणि आनुवंशिक आजार दोन्ही आहेत. ‘आतले’ हा शब्द नीट लक्षात ठेव. बाहेरून दिसणारं जन्मजात व्यंग अजूनही वगळता येतं, आतला आजार नाही. मुक्ताचा आजार, सिस्टिक फायब्रोसिस, फुप्फुसांत, स्वादुपिंडात, घामाच्या ग्रंथींत आहे. त्या पत्रावर सही करणाऱ्यानं जुना मसुदा उचलला असेल. मी त्या खुर्चीत बसलेली आहे, जुने मसुदे कसे वर्षानुवर्षं फिरतात ते मला माहीत आहे.

तेव्हा रडू नको, कागद काढ. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल आणि रजिस्टर्ड पत्र, दोन्ही पाठव. तीस दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलं आणि ते पटलं नाही, तर पुण्यात विमा लोकपालाचं कार्यालय आहे. मुंबई, ठाणे, नवी मुंबईकडचा पट्टा सोडून उरलेला महाराष्ट्र त्यांच्याकडेच येतो. फी लागत नाही, वकील लागत नाही, पन्नास लाखांपर्यंतच्या तक्रारी ते ऐकतात. नकार मिळाल्यापासून वर्षाच्या आत जावं लागतं, एवढंच. मसुदा मी लिहून आणते. रक्कम 1,12,400 आहे, पण मी लढणार आहे ती रकमेपेक्षा पुढच्या दाव्यांसाठी. एकदा ‘आनुवंशिक’ म्हणून नाकारलेलं तसंच राहू दिलं, तर पुढं तिला दवाखान्यात ठेवावं लागेल तेव्हा दरवेळी हेच पत्र येईल.

आता त्या एजंटचं. तू म्हणालीस, तो म्हणतो वेगळी पॉलिसी काढू, फॉर्मवर ‘निरोगी’ लिहू, पाच वर्षं काढली की कंपनी काही विचारू शकत नाही. अर्धं खरं आहे ते, आणि अर्ध्या खऱ्यानंच माणसं बुडतात. सलग साठ महिने पॉलिसी चालली की माहिती लपवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही, हे बरोबर. पूर्वी ही मुदत आठ वर्षं होती, 2024 मध्ये पाच झाली. पण सिद्ध झालेली फसवणूक त्यातून वगळलेली आहे. आजार पक्का करणारा घामाच्या तपासणीचा रिपोर्ट हातात असताना ‘निरोगी’ वर खूण करणं म्हणजे दुसरं काय?

आणि साठ महिने कोण थांबणार आहे? मुक्ताला त्याआधी एकदा तरी सलाईनवर अँटिबायोटिक द्यावं लागेल, डॉक्टरांनी आपल्याला सांगून ठेवलंच आहे. दावा आला की क्लेम्सचा माणूस बिलं नंतर बघतो. आधी इनडोअर केस पेपर मागवतो आणि पहिल्या पानावरचा इतिहास वाचतो. निवासी डॉक्टरनं रात्री दोन वाजता तुला विचारून लिहिलेलं असतं, ‘सिस्टिक फायब्रोसिस, वयाच्या पाचव्या महिन्यापासून माहीत.’ त्या वेळी तू खोटं सांगणार आहेस का डॉक्टरला? सांगूही नयेस. मग दावाही जातो, पॉलिसीही रद्द होते. अशा फायली मी शेकड्यांनी पाहिल्या. आईबापांचा हेतू चांगला होता, हे मला दरवेळी दिसत होतं. फाईलमध्ये ते कुठं लिहिता येत नव्हतं.

खरं लिहिलं तर काय होईल? कंपनी जास्त हप्ता मागेल, किंवा आधीचा आजार म्हणून थांबायला लावेल. ती मुदत आता जास्तीत जास्त तीन वर्षं आहे, आधी चार होती. काही कंपन्या सरळ नाही म्हणतील. म्हणू देत. दुसरीकडे विचारू. वैयक्तिक पॉलिसीच्या हप्त्यावरचा अठरा टक्के जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून उठला आहे, तेवढा भार कमी.

पण सध्या तिच्या डोक्यावरचं खरं छप्पर म्हणजे अमितरावांच्या कंपनीची सामूहिक पॉलिसी. आठवतंय ना, पाचवीच्या पूजेच्या दिवशी? पाटावर कोरा कागद आणि पेन ठेवला होता, सटवाई रात्री येऊन कपाळावर लिहून जाते म्हणून. आणि मी जावयांच्या मागे लागले होते की आजच कंपनीला ईमेल करा, बाळाचं नाव घाला, महिन्याची मुदत आहे. ते म्हणाले, “आई, उद्या करतो.” मी ताटावर बसूच दिलं नाही. त्या एका ईमेलमुळं मुक्ता पाचव्या दिवशी पॉलिसीत आली, आणि आजार सापडला पाचव्या महिन्यात. म्हणजे या पॉलिसीपुरता तो आधीचा आजारही नाही. ती ईमेल शोधून छापून ठेवायला सांग.

म्हणून त्यांना नव्या नोकरीची जी संधी आली आहे, तिला मी लगेच हो म्हणणार नाही. पगार वाढतो हे मला कळतं. पण छोट्या कंपनीत सामूहिक विमा आहे का, हे तोंडी नको, लेखी विचारा. बाळ पहिल्या दिवसापासून धरतात का? आधीचे आजार धरतात का? आतले जन्मजात आजार? आणि खोलीचं भाडं किती? हे शेवटचं लोक विचारतच नाहीत. विम्याची रक्कम पाच लाख आणि भाड्याला एक टक्क्याची मर्यादा असेल, तर दिवसाला पाच हजार. मुक्ताला दुसऱ्यांच्या खोकल्यापासून लांब, स्वतंत्र खोलीतच ठेवावं लागणार. खोली आठ हजारांची घेतली की नुसते वरचे तीन हजार जात नाहीत, डॉक्टरांची फी आणि इतर बराच खर्चही त्याच प्रमाणात कापतात. चौदा दिवसांच्या मुक्कामात ते केवढं होतं, कागदावर मांडून बघ. आणि नोकरी सोडायचीच ठरली, तर शेवटच्या दिवसाआधी त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज करा. मधे एक दिवसही उघडा पडू देऊ नका.

आता जे विम्यातून येणारच नाही ते. दवाखान्यात ठेवल्याशिवाय मेडिक्लेम बोलत नाही. तुझा रोजचा खर्च सगळा घरचा आहे. प्रत्येक दुधाआधी पचनाच्या एन्झाइमच्या कॅप्सूलमधले दाणे, अ, ड, ई, के जीवनसत्त्वं, नेब्युलायझर, छातीचा व्यायाम. महिन्याला अकरा हजार म्हणालीस. माझ्या पेन्शनमधले चार हजार एक तारखेला तुझ्या खात्यावर येतील, त्यावर बोलणं नको.

मुंबईच्या केईएम रुग्णालयात मात्र तिची नोंद करायचीच. 2021 च्या दुर्मीळ आजारांच्या राष्ट्रीय धोरणात सिस्टिक फायब्रोसिसचं नाव आहे, आणि तेही तीन ठिकाणी. स्वादुपिंडाचे एन्झाइम एका गटात, कफ पातळ करणारं डीएनेज दुसऱ्यात, आणि जनुकातल्या मूळ दोषावर काम करणारी नवी औषधं तिसऱ्यात. केईएम हे त्या धोरणाखालचं केंद्र आहे आणि 2022 पासून मदतीची मर्यादा पन्नास लाख केली आहे. नोंद केली म्हणजे पैसे आले असं नाही, समिती बसते, वेळ जातो. पण नाव नसेल तर वेळ सुरूच होत नाही. अमेरिकेत 2012 मध्ये एक आणि 2019 मध्ये तीन औषधांची मिळून एक अशा ज्या गोळ्या आल्या, त्या सगळ्या दोषांवर चालत नाहीत. मुक्ताच्या जनुकाचा पूर्ण रिपोर्ट हातात येऊ दे, मग डॉक्टरांना विचारू. आधीच रात्र रात्र मोबाईलवर किमती बघत बसू नको.

रेशनकार्डात तिचं नाव घाला. महात्मा फुले योजनेत आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत आहे. ठरलेल्या उपचारांनाच मिळतं, पण कार्ड तयार असावं.

गौरी, एक गोष्ट मला तुला समोर बसून सांगायची होती, जमली नाही. फाल्गुनात मी तिला न्हाऊ घालून धुरी दिली आणि कपाळाचा पापा घेतला, तेव्हा ओठांना मीठ लागलं होतं. मी हसून म्हणाले, “रंकाळ्यावर फिरून आली वाटतं, घामाघूम झाली पोर.” झबल्यावर पांढऱ्या रेघा दिसायच्या, मी दोनदा खळबळून टाकायचे. भूक एवढी आणि अंगाला काही लागत नाही, शी तेलकट. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं. चैत्रात जोतिबाच्या यात्रेच्या आठवड्यात ऊन पेटलं आणि ती मान टाकून पडली, तेव्हा राजारामपुरीतल्या डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट बघून विचारलं, “उलटी नाही, जुलाब नाही, मग हिचं मीठ जातंय कुठं?” त्या क्षणी मला ते कपाळ आठवलं. मी सांगितलं आणि त्यांनी पुण्याची चिठ्ठी दिली. घामातलं क्लोराइड साठच्या वर गेलं की निदान पक्कं, मुक्ताचं अठ्ठ्याण्णव आलं. महिनाभर आधी सांगितलं असतं तर तिचे ते चार दिवस अतिदक्षता विभागात गेले नसते, हे मला माहीत आहे. त्याचं मला वाईट वाटतं आणि वाटत राहील.

तुझ्या सासूबाई कुणाच्या घराण्यातून आलं हे विचारत असतील, तर त्यांना शांतपणे सांग, दोन्हींकडून. सातव्या गुणसूत्रावरच्या एकाच जनुकाची एक सदोष प्रत तुझ्याकडून, एक अमितरावांकडून. एकच असती तर काही झालं नसतं, तुम्ही दोघं धडधाकट आहातच की. पुढच्या प्रत्येक बाळाला चारात एक शक्यता असते, तेव्हा दुसऱ्याचा विचार कराल त्याआधी डॉक्टरांशी बोला. आमच्या दबावाखाली काही करू नका.

तुझे बाबा रोज संध्याकाळी गंगावेशीत दूधकट्ट्यावर जातात. परवा तिथं म्हणत होते, माझ्या नातीला हे दूध कधी सोसायचं नाही. मी त्यांना सांगितलं, सोसेल. वर्षाची होऊ दे, दूध उकळून घेऊ, आधी कॅप्सूल देऊ, आणि म्हशीच्या सायीसकट पिईल. तिला तर इतर मुलांपेक्षा जास्तच स्निग्ध खायला हवं. तेव्हापासून ते रोज विचारतात, तिला वर्ष कधी होतंय.

शनिवारी सकाळच्या कोयना एक्सप्रेसनं निघते. मूळ डिस्चार्ज कार्ड, केस पेपरची प्रत, नामंजुरीचं पत्र आणि ती पाचवीची ईमेल काढून ठेव. एजंटचा फॉर्म भरला असशील तर सही करू नको, मी आल्यावर तो दुसऱ्यांदा भरू. आणि उकाडा असला तर मुक्ताचं मिठाचं पाणी डॉक्टरांनी सांगितलंय तेवढं मोजून दे, अंदाजानं नको.

तुझी,
आई