पडवीतली २२ पावलं

चि. फिजिओताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं नाव इथे लिहीत नाही, तुला ते आवडणार नाही हे मला ठाऊक आहे. पण हे पत्र तुला एकटीला न धाडता सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण माझ्यासारखं गर्भाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या बायका गावोगावी आहेत आणि त्यातल्या बहुतेक जणी 'पोटाचं ऑपरेशन झालं' एवढंच सांगून गप्प बसतात. मीही तेच सांगत होते.

माझी पाळी जाऊन नऊ वर्षं झाली होती. एक दिवस डाग दिसला. मग महिनाभराने पुन्हा. जवळच्या दवाखान्यात 'वयामुळे होतं असं' म्हणून गोळ्या मिळाल्या आणि मला ते ऐकायला बरंच वाटलं. त्यात पाच महिने गेले. पाळी कायमची गेल्यावर एकदा जरी रक्त दिसलं तरी बायांनो, दाखवायला जा, थांबू नका. सोनोग्राफीत गर्भाशयाचं आतलं अस्तर जाड दिसलं, तुकडा तपासला आणि कॅन्सर निघाला. मुंबईला ऑपरेशन झालं. गर्भाशय, दोन्ही बीजकोश, नळ्या आणि ओटीपोटातल्या काही लसिकाग्रंथी (लिम्फ नोड) काढल्या. पुढे किरणं, बाहेरून २५ वेळा आणि आतून २ वेळा.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी तू खाटेपाशी आलीस. मी तुला 'अहो मॅडम' म्हटलं, तर म्हणालीस, "काकू, मला अगं म्हणा, मी तुमच्या मुलीएवढी आहे." आणि पहिली गोष्ट काय शिकवलीस, तर पाऊल वर ओढायचं, खाली दाबायचं. पायात रक्ताची गाठ होऊ नये म्हणून. खोकला आला की उशी पोटाशी घट्ट धरायची. उठताना सरळ उठायचं नाही, आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे आणि हातावर जोर देऊन बसायचं. हे कोणी शिकवावं लागतं असं मला वाटलंच नव्हतं. अजूनही मी तशीच उठते.

पण तुझे आभार मानायचे ते मुख्यतः पुढच्या गोष्टीसाठी. किरणं संपून मी दापोली तालुक्यातल्या आमच्या घरी परत निघाले, तेव्हा तू हातात छापील कागद देऊन मोकळी झाली नाहीस. तू माझं घर विचारलंस. अंगणात उतरायला पायऱ्या किती, त्या चिऱ्याच्या की सिमेंटच्या, शेवाळ धरतं का, न्हाणीघर घरात की बाहेर, बसायला काय आहे, घरी कोण कोण असतं, पाणी कोण भरतं. मला आधी कळेना ही पोर एवढ्या चौकशा का करते आहे. पडवी ऐकल्यावर तू विचारलंस, "केवढी लांब?" मला सांगता येईना. "घरी गेलात की मोजा आणि मला सांगा," म्हणालीस.

२२ पावलं निघाली.

तिथूनच सगळं सुरू झालं. जूनचा पाऊस लागला होता, अंगणात पाय टाकायची सोय नव्हती आणि किरणांमुळे पोट इतकं बिघडलेलं की घरापासून दूर जायची भीती वाटे. पडवीपासून न्हाणीघर दहा पावलांवर. तू हे सगळं धरूनच फोनवर सांगितलंस, आधी पाच मिनिटं, दिवसातून तीनदा. रस्त्यावर फिरायला जा म्हटलं असतंस तर मी पहिल्याच आठवड्यात सोडून दिलं असतं.

फेऱ्या मोजताना मी चुकायची. मग एका वाटीत चिंचोके घेतले, एक फेरी झाली की एक चिंचोका दुसऱ्या वाटीत. आमच्या सासूबाई ८६ वर्षांच्या. त्यांना हे मुळीच पटलेलं नव्हतं. "पिशवी काढलेल्या बाईनं पडून राहायचं, हिला कोण चालवतंय?" असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. त्यात त्यांची मायाच होती, हे मी जाणते. सगळेच मला प्रेमाने म्हणत होते, आराम कर. एका मंगळवारी तुझा फोन आला आणि तू म्हणालीस, आजींना द्या. काय बोललीस ते त्यांनी मला आजवर सांगितलेलं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्या झोपाळ्यावर येऊन बसल्या, दोन्ही वाट्या मांडीवर घेतल्या आणि म्हणाल्या, "चाल तू, मी मोजते." तेव्हापासून चिंचोके त्यांच्याकडे आहेत. दहापासून सुरुवात केली होती. गणपतीपर्यंत १०० झाले, त्याला वीसेक मिनिटं लागायची. दिवाळीनंतर सलग अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस.

वेग किती ठेवायचा हेही तू सोपं करून सांगितलंस. चालता चालता बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येता कामा नये. मी आरती म्हणून बघते. अख्खं कडवं एका दमात निघालं तर पाय उचलायचा.

"घरकाम हाच बाईचा व्यायाम" हे मी आयुष्यभर ऐकत आले, आणि खरं सांगते, मानतही आले. तू एकटीच निघालीस नाही म्हणणारी. केर, भांडी, ओट्याशी उभं राहणं यात बाई थकते जरूर, पण ते तुकड्यातुकड्यानं होतं, छाती सलग वीस-तीस मिनिटं कामाला लागत नाही आणि पाय-दंडाचे स्नायू बळकट होतील असा भारही पडत नाही. शिवाय ते काम घराचं. तू म्हणालीस, "हा अर्धा तास तुमच्या अंगाचा." त्या दिवसापासून सकाळी साडेसहाचा चहा हे करतात. गेली पस्तीस वर्षं तो मी केला होता.

आठवड्यातून दोन दिवस ताकदीचे व्यायाम. पाण्याच्या लिटरच्या बाटल्या दोन हातांत घेऊन वर-खाली. भिंतीला तळवे टेकवून ढकलायचं. आणि बाकावरून हातांचा आधार न घेता उठायचं, बसायचं. अर्ध्या मिनिटात पहिल्यांदा जेमतेम पाच वेळा झालं होतं, आता बारा वेळा होतं. पाळी गेल्यावर हाडं ठिसूळ व्हायचा धोका वाढतो, म्हणून अंगाचा भार पायावर घेणारं काही रोज झालं पाहिजे, हे तू सांगितलंस.

माझं वजन तेव्हा ८४ किलो होतं, साखर आणि बीपी आधीपासूनच. पाळी गेल्यावरही अंगातली चरबी इस्ट्रोजेन हे संप्रेरक बनवत राहते, त्याला आवर घालणारं प्रोजेस्टेरॉन हे दुसरं संप्रेरक नसतं आणि अस्तर वाढत जातं, हे मला डॉक्टरांकडून कळलं. मी ते ऐकून फार खचले होते, हे मीच ओढवून घेतलं असं वाटायला लागलं होतं. तू मला दोष शोधू दिला नाहीस. उलट पुढचं सांगितलंस. हा आजार लवकर सापडला तर बहुतेक बायका त्यातून बऱ्या होतात, पण नंतर त्यांच्या जिवाला मोठा धोका असतो तो हृदयविकाराचा. म्हणजे चालायचं ते कॅन्सरच्या भीतीनं चालायचं नव्हतंच, पुढची वर्षं धडधाकट जावीत म्हणून चालायचं होतं. हे कळल्यावर माझं पाऊल बदललं.

आणखी एक, जे लिहावं की नाही याचा मी चार दिवस विचार केला. आतून किरणं दिल्यावर योनीमार्ग आखडू शकतो, तसं होऊ नये म्हणून डायलेटर नावाचं साधन वापरायचं असतं, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून सोडायचे व्यायाम असतात, हे तू फोनवर साध्या शब्दांत बोललीस. मी फोन घेऊन आगरात गेले होते, पोफळींमध्ये, घरातलं कोणी ऐकू नये म्हणून. लघवी धरून ठेवतो तसं आवळायचं, मनात पाच आकडे मोजायचे, सोडायचं, पण प्रत्यक्ष लघवी करताना हे करायचं नाही. मला रडू आलं. शब्दांची लाज वाटून नव्हे, कोणीतरी ते शब्द उच्चारले म्हणून. खोकताना कपडे ओले व्हायचे ते दोनेक महिन्यांत थांबलं.

ऑगस्टमध्ये डाव्या पायाचं जोडवं रुतायला लागलं, घोट्यावर बोट दाबलं की खड्डा राही. मला वाटलं चालणं जास्त झालं. तू धीराच्या दोन गोष्टी सांगून फोन ठेवला नाहीस. "आजच्या आज डॉक्टरांना दाखवा, आधी रक्ताची गाठ नाही ना ते बघू द्या," म्हणालीस, आणि संध्याकाळी गेलो की नाही हे विचारायला परत फोन केलास. पायाची सोनोग्राफी झाली, गाठ नव्हती. लसिकाग्रंथी काढल्यामुळे आलेली सूज होती. मापाचे दाबमोजे आले आणि ते घालून व्यायाम चालू ठेवायला तू सांगितलंस. मी तर चालणं बंद करून पाय उशीवर टाकून बसणार होते.

त्याच दिवसांत एकदा मी म्हटलं होतं, आता नको, माझ्यानं होत नाही. तेव्हा तू अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन कर्करोग केंद्रातल्या अभ्यासाबद्दल सांगितलंस. याच आजारातून उठलेल्या १०० बायका, व्यायाम आपापल्या घरी, मदतीला फोनवरून बोलणारं माणूस आणि पावलं मोजायचं यंत्र. ज्या सकाळी 'आज मला जमेल' असं वाटलं, त्या दिवशी व्यायाम जास्त होई, असं त्यात दिसलं होतं. "म्हणून काकू, उद्याचं राहू दे. आज पाच चिंचोके होतील का?" असं विचारलंस. त्या दिवशी तीस झाले.

आता एक काम आहे. खालच्या वाडीतल्या एका बाईंचं माझ्यासारखंच ऑपरेशन झालंय, महिना झाला. परवा आल्या, पडवीत बसून माझ्या फेऱ्या बघत होत्या. जाताना हळूच विचारलं, मलाही जमेल का. डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही करू नका आणि भरलेली कळशी उचलू नका, एवढंच मी सांगितलं. त्यांना पडवी नाही, घर दोन खोल्यांचं आहे, दारातली वाट चढाची. बसायला खुर्ची किंवा बाक नाही, पाट आहेत. बाकीचं मी विचारून कागदावर लिहून ठेवलंय, पायऱ्यासुद्धा मोजून आले. मंगळवारी फोन करशील तेव्हा त्या इथेच असतील.

तुझी,
दापोलीची काकू