संपाचं मतदान म्हणजे संप नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतल्या वैमानिकांनी संपाच्या बाजूने कौल दिल्याची बातमी छापून आली की दुसऱ्या दिवशी पुतण्याचा फोन ठरलेला. तो तिकडे को-पायलट आहे. ‘काका, आता महिनाभरात करार होईल ना?’ त्याचा हा प्रश्न ऐकला की मला काळजी वाटते. मी तिथेच २२ वर्षं विमान चालवलं आणि त्यातली चार वर्षं संघटनेच्या वाटाघाटी समितीत बसलो.

तिथल्या विमान कंपन्यांना १९२६ चा रेल्वे कामगार कायदा लागू आहे. १९३६ मध्ये त्यात विमानसेवा आली. या कायद्यात कराराची मुदत उलटली तरी करार संपत नाही. नवा होईपर्यंत जुन्याच अटी आणि जुनाच पगार चालू राहतो, त्यामुळे कंपनीला घाई नसते. बोलणी अडली की सरकारी मध्यस्थ मंडळ येतं आणि त्याच्यावर वेळेचं बंधन नाही. मंडळाने मध्यस्थीतून मोकळं केल्यावरही संपाआधी ३० दिवस थांबावं लागतं. एवढं करून १९९७ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सचे वैमानिक संपावर गेले, तर राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी काही मिनिटांत संप थांबवला.

डेल्टा या विमान कंपनीच्या वैमानिकांनी २०२२ च्या ऑक्टोबरात ९९ टक्के मतांनी संपाला मान्यता दिली. संप झाला नाही. मार्च २०२३ मध्ये करार मंजूर झाला, चार वर्षांत मिळून ३४ टक्के वाढ. त्यांच्या आधीच्या कराराची मुदत मात्र २०१९ च्या अखेरीलाच संपली होती. हा मधला काळ बातमीत येत नाही, आणि घरं त्याच काळात चालवायची असतात.

थकबाकीचंही तसंच. करार रखडलेल्या काळातली मागची वाढ आपोआप मिळेल असं धरून कर्ज काढणारे सहकारी मी पाहिलेत. तीसुद्धा टेबलावर मागावीच लागते, आणि ती मिळवताना दुसरं काही सोडावं लागतं.

आम्ही एकदा दोन पूर्ण दिवस एका वाक्यावर घालवले. राखीव वैमानिकाला फोन आल्यावर त्याने किती वेळात विमानतळावर पोचायचं, एवढाच मुद्दा होता. कंपनीच्या मसुद्यात ‘वाजवी वेळेत’ असं होतं. आम्हाला तास हवे होते, आकड्यात. बाहेर सभासद विचारत होते, पगाराचं काय झालं? पण लहान मूल घरी असलेल्या, दूर राहणाऱ्या पायलटचं सगळं आयुष्य त्या दोन शब्दांवर लटकलेलं होतं. तास लिहून घेतले तेव्हा आमच्यातला एक जण अक्षरशः रडला. टक्क्यांच्या बातमीत ही ओळ कधीच दिसणार नाही.

समितीने आणलेला मसुदा सभासद नाकारूही शकतात. युनायटेड एअरलाइन्सच्या वैमानिकांनी २०२२ मध्ये ९४ टक्के मतांनी नाकारला आणि पुढच्या वर्षी चांगला करार मिळवला. नकाराला माझा विरोध नाही. पण नकार देणाऱ्याच्या गाठीशी आणखी वर्षभर थांबण्याची ताकद हवी.

पुतण्याला घर घ्यायचंय. हप्ता आजच्या पगारात बसत असेल तरच सही कर, असं मी त्याला सांगितलं. तो नाराज झाला. राखीव ड्युटीचं कलम मात्र त्याने त्याच रात्री वाचायला घेतलं आणि पहाटे मला तीन प्रश्न पाठवले.

— एक निवृत्त कॅप्टन